तास मोजण्याआधी पिन बदला

पत्र

ताई, नमस्कार. मी कराडची. आमचं छोटं किराणा दुकान आहे, मी आणि मिस्टर आलटून पालटून बसतो, संध्याकाळी दोघंही. मुलगा सातवीत, बारा वर्षांचा. धाकटी पहिलीत. मुलगा गेल्या दिवाळीपासून फ्री फायर मॅक्स हा फोनवरचा गोळीबाराचा गेम खेळतो. आधी अर्धा तास, मग शाळेतून आल्या आल्या, मग जेवताना, मग रात्री पांघरुणात. मागच्या महिन्यात खातं तपासलं तर दीड महिन्यात 4,360 रुपये गेलेले. कधी 79, कधी 159, एकदा 399. यूपीआयचा पिन त्याला माहीत होता. दूध आणायला, पाव आणायला आम्हीच फोन देऊन पाठवायचो. मिस्टरांना कळल्यावर त्यांनी फोन भिंतीवर आपटला आणि त्याला दोन ठेवून दिल्या. चार दिवस तो धड जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. आता सासूबाई गुपचूप त्यांचा फोन देतात. त्या फोनवर मला गिल्डमधल्या कुणा ‘दादा’चे मेसेज दिसले, ‘डायमंड पाठवलेत, आता व्हॉट्सॲप नंबर दे’ असे. मिस्टर म्हणतात, वसतिगृहात टाकू. मुलगा म्हणतो, सगळेच खेळतात. मला वाटतं त्याला व्यसन लागलंय. गेम पूर्ण बंद करावा का? नाहीतर किती तास ठीक असतात? धाकटीही त्याच्या शेजारी बसून बघत असते, तिचं काय?

उत्तर

बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या ‘दादा’बद्दल बोलते. तुमच्या पत्रात तो एका ओळीत येऊन गेलाय. पैसे आणि फुटलेला फोन यांनीच सगळी जागा घेतलीय. पण मला धास्ती वाटते ती त्याची.

तो खरोखरच एखाद्या गावातला कॉलेजला जाणारा मुलगा असू शकतो. गिल्ड म्हणजे गेममधलं मंडळ. त्याचे गुण वाढवायला रोज खेळणारी पोरं लागतात, म्हणून मोठी मुलं लहानांना धरून ठेवतात, भेटी देतात. पण ज्यांना मुलांशी वाईट वागायचं असतं, ती माणसंही नेमकी याच वाटेने येतात. आधी मॅचमध्ये जीव वाचवायचा, मग डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, भेट द्यायचे, मग म्हणायचं, ‘इथे नीट बोलता येत नाही, नंबर दे.’ गेममधून व्हॉट्सॲपवर नेण्याला कारण असतं. तिथे फोटो मागता येतो, व्हिडिओ कॉल करता येतो, आणि गिल्डमधली बाकीची पोरं बघत नसतात. काहींचा डोळा नुसत्या खात्यावर असतो: ‘आयडी-पासवर्ड दे, रँक वाढवून देतो’, ‘ओटीपी सांग, हजार डायमंड येतील’. बारा वर्षांच्या मुलाला मोठ्या मुलाने ‘भावा, मस्त खेळतोस’ म्हटलं की त्याला आभाळ ठेंगणं होतं. त्यात त्याचा काही गुन्हा नाही.

आज रात्री दुकान बंद झाल्यावर त्याला एकट्याला जवळ घ्या. मिस्टर समोर नकोत, सासूबाईही नकोत. प्रश्न विचारण्याआधी एक शब्द द्या: ‘तू काहीही सांगितलंस तरी मार बसणार नाही आणि गेम कायमचा बंद होणार नाही.’ हा शब्द न देता विचारलंत तर तो ‘काही नाही’ एवढंच म्हणेल. मुलं अशा गोष्टी लपवतात त्याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं: सांगितलं की फोन जाणार. आणि तुमच्या घरात तर फोन भिंतीवर जाताना त्याने पाहिलाय. मग शांतपणे विचारा. नंबर दिलास का? फोटो मागितला का? कुठे भेटू म्हणाला का? आई-बाबांना सांगू नकोस म्हणाला का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर तो दादा कितीही चांगला वाटत असला तरी संबंध तिथेच तोडायचा.

ब्लॉक करण्याआधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या आणि गेममधला त्याचा आयडी क्रमांक लिहून ठेवा. रागाच्या भरात चॅट उडवू नका. फोटो मागितला असेल, घाणेरडं काही पाठवलं असेल किंवा धमकी दिली असेल, तर 1098 वर फोन करा. ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. त्यासोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, फोनवरच्या छळालाही लागू होतो, आणि मुलाने स्वतःहून फोटो पाठवला असला तरी दोष पाठवणाऱ्या मुलाचा धरत नाहीत, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. ओटीपी देऊन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवायचं. तिथे उशीर केला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात आणि अडवणं अवघड होतं.

यात वाईट काही निघालं नाही तरी एक नियम त्याच्याबरोबर ठरवून टाका. ज्याला शाळेत, गल्लीत किंवा नात्यात डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्याशीच माइक चालू करायचा. मॅचमध्ये माइक आणि स्पीकर ही दोन्ही चिन्हं समोरच दिसतात, दोन्ही बंद करता येतात. स्क्वाड, म्हणजे बरोबर खेळणारा गट, अनोळखी असेल तर दोन्ही बंद. स्पीकरही, कारण त्यावर मोठ्या माणसांच्या ज्या शिव्या ऐकू येतात त्या मी इथे लिहू शकत नाही.

आता पैसे. पिन आजच बदला, हे वाचून संपायच्या आधी बदललात तरी चालेल. तुम्ही त्याला पिन सांगितलात यात जगावेगळं काही नाही. दुकान सांभाळणाऱ्या, दिवसभर कामात असणाऱ्या किती घरांत दुधाच्या पिशवीसाठी मुलाच्या हातात फोन आणि पिन दोन्ही जातं. आता मात्र दुधासाठी रोख पैसे द्या. नवा पिन घरात दोघांनाच माहीत हवा, आणि सासूबाईंच्या फोनवर यूपीआय असेल तर तिथलाही बदला.

पिन बदलला की काम झालं असं मात्र नाही. यूपीआय लाइट नावाची सोय फोनवर चालू आहे का बघा. तिच्यात 5,000 रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंतची रक्कम पिन न विचारता जाते. भाजीवाल्याला द्यायला सोयीची आहे, मुलाच्या हातातल्या फोनवर नको. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असा भाग असतो, तिथे दर महिन्याला आपोआप कापली जाणारी एखादी परवानगी दिली गेली आहे का तेही बघा. मग प्ले स्टोअर उघडा, सेटिंग्जमध्ये खरेदीच्या वेळी ओळख पटवण्याचा पर्याय आहे, तो ‘प्रत्येक खरेदीला’ वर ठेवा. तिथे जोडलेलं खातं किंवा कार्ड काढूनच टाकलंत तर उत्तम. एवढं करूनही दोन वाटा उरतात. गेमबाहेरच्या टॉप-अप साइटवर नुसता प्लेअर आयडी टाकून डायमंड विकत मिळतात आणि रिडीम कोड, म्हणजे आधीच पैसे भरून घेतलेला खरेदीचा कोड, कुणीही कुणाच्याही नावाने घेऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा खातं वाचायची सवय लावून घ्या. दुकानाचा हिशेब तुम्ही करताच, त्याच दिवशी हेही.

गेलेल्या पैशांबद्दल: प्ले स्टोअरवर ऑर्डरची यादी असते. खरेदीनंतर 48 तासांच्या आत तिथूनच परतावा मागता येतो. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे मागावा लागतो आणि मुलाने डायमंड वापरून टाकले असतील तर फार आशा धरू नका. एकदा अर्ज करून बघा, मग तो विषय सोडा.

मुलाला मात्र तो विषय इतक्या लवकर सोडू देऊ नका. मार खाऊन तो मोकळा झाला, पण 4,360 रुपयांचं काय झालं हे त्याने अजून पाहिलेलंच नाही. एक वही घ्या आणि ऑर्डरची यादी समोर ठेवून त्याच्याकडूनच लिहून घ्या: कोणत्या तारखेला किती, त्यात काय मिळालं, आणि ते आज तो वापरतो का. तुम्ही मध्ये बोलू नका. निम्म्याहून जास्त ओळींपुढे तो स्वतःच ‘नाही’ लिहील असा माझा अंदाज आहे. मग पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या पैशांतून, दिवाळीच्या ओवाळणीतून निम्मी रक्कम तो फेडेल असं ठरवा. निम्मी तुमची, कारण पिन तुम्ही दिला होतात. हेही त्याला सांगा. मुलाला न्याय फार पटकन कळतो.

तो एवढे पैसे का घालवत गेला, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. या गेममध्ये बंदुकीचे जे रंगीत ‘स्किन’ असतात ते नुसते सजावटीचे नसतात, त्यातल्या बऱ्याच स्किनने बंदुकीची ताकद थोडी बदलते. म्हणजे ‘आई, त्याशिवाय मी हरतो’ हे तो सगळंच खोटं बोलत नव्हता. दुसरं म्हणजे ‘लक रॉयल’. डायमंड टाकायचे, चाक फिरवायचं, पाहिजे ती वस्तू निघाली तर निघाली. जत्रेत साबणाच्या वड्या आणि घड्याळं मांडून त्यांवर रिंग टाकायला लावतात ना, तोच हा प्रकार. घड्याळ समोर दिसतं आणि हातात येतो साबण. फरक एवढाच की जत्रा दोन दिवसांनी उठते आणि हे चाक मुलाच्या खिशात चोवीस तास फिरत असतं. वर रुपयांचे आधी डायमंड होतात, त्यामुळे आपण 159 रुपये घालवले असं मुलाला वाटतच नाही, त्याला वाटतं डायमंड गेले. पैसे देऊन नशिबावर वस्तू देणाऱ्या गेममधल्या पेट्या, म्हणजे या चाकाचीच भावंडं, बेल्जियममध्ये 2018 मध्ये जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या गेल्या. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण त्याची बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. तुमच्या मुलाचा गेम त्यात येत नाही. तेव्हा या चाकाला अडवणारं घरात दुसरं कुणी नाही, तुम्हीच आहात. चाकावर एक रुपयाही नाही, हा नियम ठेवा. वाढदिवसाला ठरलेल्या रकमेत, किंमत आणि वस्तू दोन्ही आधी दिसत असेल असं काही त्याने घेतलं तर मी हरकत घेणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपर्यंत स्क्रीन सांगितलीय, तीही टीव्ही, फोन सगळं मिळून. त्यापुढच्या वयात झोप, अभ्यास, मैदानावरचा खेळ आणि घरच्यांबरोबरचा वेळ शाबूत राहतो का ते बघायचं. चीनमध्ये 2021 साली सरकारने आकडाच ठरवून टाकला: अठरा वर्षांखालच्यांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढंच ऑनलाइन खेळायचं. त्याआधीपासूनच तिथली मुलं मोठ्यांच्या खात्यांवरून खेळत होती, इतकी की एका मोठ्या गेम कंपनीला रात्री खेळणाऱ्याचा चेहरा तपासायची सोय करावी लागली. तुमच्याकडे सासूबाईंचा फोन आहे, तिथेही तसंच होतं. एवढ्या मोठ्या सरकारला जे नुसत्या आकड्याने साधलं नाही, ते आपल्या दोन खोल्यांच्या घरात नुसत्या आकड्याने साधेल असं मला वाटत नाही.

पूर्वी मीही आयांना ‘एक तास द्या आणि घड्याळ लावा’ असंच सांगायचे. नंतर भाच्याच्या शेजारी बसून हा खेळ स्वतः पाहिला तेव्हा माझी चूक कळली. पन्नास जण विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं, शेवटी एकजण किंवा एक स्क्वाड उरतो आणि ‘बूयाह’ येतं. साधारण दहा मिनिटांची मॅच. मध्ये थांबवता येत नाही, कारण समोर खरी माणसं खेळत असतात. शेवटचे चार उरलेत, भाच्याचा जीव मुठीत आलाय आणि त्याच वेळी माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘तास झाला, ठेव तो फोन!’ त्याने उलट उत्तर दिलं. मी आधी तिथे नसते तर मलाही तो उद्धटपणाच वाटला असता. तिच्या जागी मी असते तर षटक चालू असताना बॅट्समनच्या हातातून बॅट काढून घेतली असती का? नाही. षटक संपू दिलं असतं.

म्हणून मिनिटं सोडा आणि मॅच मोजा. शाळेच्या दिवशी तीन मॅच, सुट्टीला पाच-सहा, असं काहीतरी तुमच्या घराला झेपेल ते त्याच्याशी बसून ठरवा. ‘ही शेवटची’ हे मॅच सुरू होण्याआधी म्हणायचं, मध्ये नाही. पावणेआठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही. हरला म्हणून एक जादा मॅच मिळणार नाही आणि जिंकला म्हणूनही नाही. त्याने स्वतःहून शेवटची मॅच संपवून फोन आणून दिला, की त्याच दिवशी, त्याच वेळी, ‘आणून दिलास, बरं वाटलं’ असं म्हणा. पहिल्या आठवड्यात तो दोनदा तरी नियम मोडेल. मोडला तर दुसऱ्या दिवशी एक मॅच कमी, पंधरा दिवस बंदी नाही. शिक्षा छोटी आणि ठरलेली असली की ती पाळता येते. मोठी शिक्षा तुम्हीच तिसऱ्या दिवशी मागे घ्याल, कारण दुकानात गिऱ्हाईक असतं आणि तो मागे भुणभुण लावतो.

आणि एकदा तरी त्याच्या शेजारी बसून खेळा. ग्लू वॉल, म्हणजे गोळ्या अडवणारी भिंत, कशी टाकायची ते त्याला शिकवू दे. तुम्ही वाईट खेळाल, तो हसेल, हसू दे. आईला आपलं जग दाखवताना मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते तुम्ही गेल्या महिनाभरात पाहिलेलं नाही. त्यानंतर तो तुम्हाला गिल्डमधलं आपणहून सांगायला लागेल.

झोपेच्या बाबतीत मात्र मी मुळीच सैल सोडणार नाही. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. पांघरुणातला फोन ही मॅच मोजण्याची गोष्टच नाही, तो बंद म्हणजे बंद. पण फक्त त्याचा नाही. रात्री नऊ वाजता घरातले सगळे फोन एका जागी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ, चार्जिंगला. तुमचे, मिस्टरांचे, सासूबाईंचेही. तुमच्यापासून फार लांब नाही, सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, गावातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद होतात आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. ही गोष्ट मी आयांना आवर्जून सांगते ती एवढ्यासाठी, की तिथे भोंगा मुलांसाठी वेगळा आणि मोठ्यांसाठी वेगळा वाजत नाही. मिस्टर रात्री अकराला अंथरुणात रील बघत असतील आणि मुलाचा फोन मात्र ओट्यावर असेल, तर तो नियम आठवडाभर टिकणार नाही.

फोनवर काही कुलुपं लावायची असतील तर गुगलचं फॅमिली लिंक ॲप फुकट आहे. त्यातून गेमची वेळ ठरवता येते, रात्री फोन बंद ठेवता येतो आणि नवं ॲप टाकायच्या आधी परवानगी तुमच्या फोनवर येते. लावण्याआधी त्याच्या खात्यात जन्मतारीख काय घातलीय ते बघा. मुलं सर्रास मोठं वय घालतात, आणि मग गुगलच्या लेखी तुमचा मुलगा पंचवीस वर्षांचा असतो. ॲप त्याला सांगून, त्याच्या समोर बसून लावा. चोरून लावलंत तर तो चोरून काढेल, आणि सातवीतल्या मुलाला ते तुमच्यापेक्षा चांगलं जमतं.

मिस्टरांशी तुम्हाला बोलावं लागेल. त्यांचा राग मला समजतो. दीड महिन्याच्या सुट्या नफ्यातून चार हजार जाणं म्हणजे छोट्या दुकानाला लागतं. पण फोन फोडून आणि हात उचलून मुलाला एवढंच कळलं की बाबांना काही कळता कामा नये. आता त्या दादाने काही वाईट केलं तरी मुलगा बाबांकडे जाणार नाही, आणि नेमकी तीच वेळ बाबांची लागते. त्यांनी त्याला दोन वाक्यं म्हणावीत: ‘मी तुला मारलं ते चुकलं. पैशांचं आपण दोघं मिळून बघू.’ त्यानंतर ‘पण’ नको. बापाने असं म्हटलं की त्याचा धाक जातो अशी भीती त्यांना वाटेल. जात नाही. उलट मुलगा पहिल्यांदा मान वर करून बघतो.

वसतिगृह नको. शिकण्यासाठी चांगल्या शाळेत पाठवणं वेगळं, आणि केलेल्या चुकीबद्दल शिक्षा म्हणून घराबाहेर काढणं वेगळं. फोन तिथल्या पोरांकडेही असतात आणि बघायला तुम्ही नसता. आगीतून फुफाट्यात, दुसरं काही नाही.

गेम पूर्ण बंद करायचाही आग्रह मी धरणार नाही. संध्याकाळी पाच ते आठ तुम्ही दोघं दुकानात असता. शाळेतून आलेल्या मुलाला त्या तीन तासांत बोलायला, जिंकायला, कुणीतरी ‘भारी’ म्हणायला जे मिळतं ते सध्या फक्त त्या फोनमध्ये आहे. ते काढून घेतलंत तर त्या जागी काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा. क्लास हे ते उत्तर नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी मिस्टरांनी दुकान तुमच्यावर सोडून त्याला प्रीतिसंगमावर घेऊन जावं, घाटावर बसावं, वाळवंटात पोरं खेळत असली तर त्याला सोडून द्यावं. त्यांना सुरुवातीला बोलायला काही सुचणार नाही. न बोलता शेंगा खाल्ल्या तरी चालतील.

‘व्यसन’ हा शब्द सध्या घरात वापरू नका, त्याच्यासमोर तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची आजारांच्या यादीत नोंद केलीय, 2022 पासून ती लागू आहे, पण तिची अट कडक आहे. खेळावरचा ताबा सुटलेला असणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही वाढतच जाणं, आणि त्यामुळे शाळा, घर, तब्येत यांची घडी विस्कटणं, हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. चार दिवस रुसून जेवला नाही म्हणजे तो आजारी नाही. मार बसला होता, फोन फुटला होता, स्क्वाडमधल्या मित्रांना सांगायची सोयही उरली नव्हती. तो दुखावला होता. मला काळजी केव्हा वाटेल सांगू? वर लिहिलेलं दोन-तीन महिने नीट करूनही तो शाळा बुडवायला लागला, आंघोळ-जेवण सुटलं, आवडते मित्र आणि क्रिकेट दोन्ही नकोसं झालं, पुन्हा पैसे चोरले, किंवा ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलला. हे शेवटचं ऐकलंत तर एक दिवसही थांबू नका, धमकी समजून सोडून देऊ नका. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. बाकीच्या लक्षणांसाठी जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या रुग्णालयात 2014 पासून फोन आणि गेमच्या त्रासासाठी वेगळा विभाग चालतो, म्हणजे अशा घरांत तुम्ही पहिल्या नाही आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

सासूबाईंना ओरडू नका. नातू जेवत नाही हे आजीला बघवत नाही. त्यांच्या हातात फोन होता, त्यांनी फोन दिला. आणखी एक, मुलगा त्या वेळी रोज त्यांच्याजवळ जाऊन बसत होता, तेही त्यांना हवं असेल. नियम ठरवताना त्यांनाही बसवा आणि मॅच मोजायचं काम त्यांनाच द्या. संध्याकाळी घरात त्याच असतात. तीन मॅच झाल्या की तीन शेंगदाणे वाटीत, चौथा नाही. चोरून देणाऱ्या आजीपेक्षा मोजून देणारी आजी मुलालाही जास्त सोयीची, कारण तिच्याशी खोटं बोलावं लागत नाही.

धाकटीचं थोडक्यात. सहा वर्षांच्या मुलीने गोळीबाराचा खेळ बघत बसू नये, तेव्हा त्याच्या मॅच चालू असताना तिला दुकानात तुमच्याजवळ घ्या. तिच्यासाठी गेम शोधताना प्ले स्टोअरवर वयाचा आकडा दिसतो, 3+, 7+, 12+ असा. तो आकडा मारामारी, रक्त, भाषा यांबद्दल सांगतो. पैसे लागतात का आणि अनोळखी लोक बोलू शकतात का, हे तिथेच वेगळं, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय काही घेऊ नका. घेतलेला गेम आधी फोन विमान मोडवर टाकून स्वतः चालवून बघा. इंटरनेट नसताना जो पूर्ण चालतो, त्यात त्या वेळी कुणी अनोळखी येत नाही आणि जाहिरातीही सहसा येत नाहीत. तिला तो तसाच, विमान मोडवर द्या. आणि निवडायला मुलालाच बसवा. बहिणीला काय आवडेल आणि कशात फसवाफसवी आहे, हे तो तुमच्याआधी ओळखेल.